तालमीच्या हौदातला अमीबा

नळ सोडला की पहिलं पाणी वाहू द्यायचं. डोक्यावर तांब्या ओतताना नाक चिमटीत धरायचं. कुणाच्या दारात कूलर, कुंडी, टाकी दिसली की कडेचं शेवाळ खरवडून बघायचं. कुणी हसलं तर मान वर न करता म्हणायचं, "हसा."

दीप्तीच्या या सवयी संग्रामला कॉलेजपासून पाठ होत्या. तो मराठी घेऊन बी.ए. झाला. ती एका खासगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्यातले अमीबा शोधायला लागली.

"बशीत नुसती थिजवलेली जेली," तिनं त्याला सांगितलं होतं. "वर जिवाणूंचा थर. अमीबा ते खात पुढं सरकतो, मागं वाट उरते. वाटेच्या टोकाचा तुकडा कापून नव्या बशीत ठेवायचा. तो एकटा पडेपर्यंत."

संग्रामच्या तालमीत उन्हाळी शिबिरात पोरांना जलनेती शिकवत. हौदाचं पाणी कोमट करायचं, मीठ टाकायचं, एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून सोडायचं.

"नुसतं कोमट?" संग्रामकडून हे ऐकून दीप्ती ओरडली. "उकळून गार नाही करत? अरे, अमीबातला एखादा नाकातून मेंदूत जातो. मग माणूस वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन तालमीत आली. हौदाची कड खरवडून बाटलीत भरली तसे वस्ताद आकाराम उठले.

"ए पोरी, कुठल्या गल्लीची तू?"

तिनं आपल्या वस्तीचं नाव सांगितलं. वस्ताद थुंकले.

"आन् थेट हौदात हात घातलास व्हय?"

"घातला. घाण हौदात आहे, माझ्या हातात नाही."

"वस्ताद, तिला मी आणलंय," संग्राम म्हणाला.

"तूबी हो भाईर. बुकं वाचून येडा झालायस."

ती दारापर्यंत पोचायच्या आत हौदाचं बूच निघालं. भिंती घासल्या. गोमूत्र शिंपडलं. मग त्याच नळानं हौद पुन्हा भरला.

"माझ्यासाठी घासला," दीप्ती म्हणाली. "पोरांसाठी कधी घासला नव्हता."

शनिवारी बशीवर वाट उमटली.

"धोक्याचा आहे?" संग्रामनं विचारलं.

"एकटा काढल्याशिवाय नाव घेणार नाही. अजून बुरशी चिकटलीय. सोमवारपर्यंत पुढं सरकेल, मग कापते."

"आणि उद्याचं शिबिर?"

"पाणी उकळायला नाव कशाला पाहिजे?"

रविवारी वस्तादांनी पातेल्यात बोट बुडवलं. "झालं कोमट. उतरवा."

संग्रामनं पातेलं लाथेनं पालथं केलं. त्याच्या पाठीत दोन बसल्या. तेवढ्यात नातवाला सोडायला आलेल्या शालूबाईंनी पोराला मागं ओढलं.

"उकळायला काय जातंय वो तुमचं?"

पोरांच्या आयाही पुढं झाल्या. त्या दिवशीची नेती रद्द झाली. वस्तादांनी तिथनंच कॉलेजच्या संचालकांना फोन लावला.

सोमवारी दीप्तीकडनं प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. बाहेरचं पाणी आणायची परवानगी नव्हती म्हणे. ती फाटकात उभी होती.

आत प्रयोगशाळेत बशीच्या तळाला तिनं मार्करनं गोल केला होता. त्यातला तुकडा कापायचा राहिला.