आवाज न करणारी बटणं

लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्यावर अब्बांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते बंद झालं तरी बटणांचं वेड माझ्या अंगातून गेलं नाही. गेल्या वर्षी अब्बांना झटका आला, वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी घरीच प्लायवूडची एक पेटी बनवली: एक दांडा, सहा बटणं आणि टीव्हीला जोडलेला छोटा कॉम्प्युटर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, यंदाचा पावसाळा संपेपर्यंत त्या हातात हालचाल आली तर आली, नाहीतर आशा सोडा. डाव्या हाताने अब्बा जेमतेम खेळत. उजव्याने एकदाही नाही.

बटणांखाली मी दुकानातल्या जुन्या मशिनचेच स्विच बसवले होते. दाबलं की आत पातळ पत्रा उसळतो आणि खट् आवाज येतो, पार स्वयंपाकघरापर्यंत.

जुलैत धुकं घरात शिरलं. दुपारीही दिवे लावावे लागत. अशाच एका दुपारी मी स्वयंपाकघरात होतो, टीव्ही बंद होता, आणि ऐकू आलं, खट्. थोड्या वेळाने पुन्हा, खट्. बाहेर आलो. अब्बा पेटीसमोर खुर्चीत, गळ्यापर्यंत घोंगडी, तिचं टोक पेटीवर पसरलेलं. डावा हात बाहेर, मांडीवर. डोळे माझ्यावर. दुसरं कुणी नाही.

मग रोज तेच. मी आत गेलो की खट्, बाहेर आलो की सामसूम. अब्बांचं करायला पवनानगरहून मावशी यायच्या, त्या माझ्यासमोरच काम उरकून उंबऱ्यात बसू लागल्या.

"मी न्हाई एकली आत जायची," त्या म्हणाल्या. "हितं कुनीतरी हाय."

"ओल आहे मावशी, ओल," मी म्हणालो. लोणावळ्यात पावसाळ्यात काहीही बिघडलं की हेच उत्तर. बिस्किट मऊ पडलं, ओल. दार बसेना, ओल. पंखा कुरकुरला, ओल. हा शब्द उच्चारला की पुढे कुणी डोकं चालवत नाही, आणि मी तर बटणांतला मोठा जाणकार! खरं म्हणजे मीही घाबरलो होतो. भर दुपारी स्वतःच्याच घरात अंगावर काटा येत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पुण्याहून नवे स्विच मागवले. हलकी स्प्रिंग, आत रबराची गादी, दाबल्याचा पत्तासुद्धा लागत नाही. अर्ध्या तासात सहाही बदलले. अब्बा एकटक बघत होते, घशातून घरघर करत होते. मला वाटलं, दुकानाची शेवटची खूण काढतोय म्हणून त्यांचा जीव तुटतोय.

घर शांत झालं. मावशी आत वावरू लागल्या. मीही निवांत झालो.

नवव्या दिवशी जुने स्विच डब्यात भरताना एक सहज दाबला आणि हात तिथेच थांबला. ओलीने जोडणी आपोआप होते, पडद्यावरचा गडी कुणी न दाबता उडी मारतो, हे खरं. पण आवाज? पत्रा उसळल्याशिवाय आवाज येत नाही, आणि दाबल्याशिवाय पत्रा उसळत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मावशींना विचारलं, अब्बांचा उजवा हात दुपारी कुठे असतो?

"कुटं म्हंजे? घोंगडीखाली, बटनावर. मीच ठिवते. तितं ठिवला तर येक दिस हालंल की."

मी कॉम्प्युटरकडे धावलो. टीव्ही बंद असला तरी प्रत्येक दाबाची नोंद तो ठेवत होता. व्यायाम कळावा म्हणून ती सोय मीच केली होती, आणि ओलीने सगळी खोटीच असणार म्हणून कधी उघडली नव्हती. स्विच बदलले त्या दुपारच्या नोंदींनी पडदा भरला, एकाच बटणाच्या. दुसऱ्या दिवशी अर्धा पडदा. मग चार ओळी. मग एक. पुढचे सगळे दिवस कोरे.

अब्बा मला हाक मारत होते. मी आलो की काम झालं, म्हणून थांबत होते. त्यांची एकदा गेलेली वाचा मी दुसऱ्यांदा घालवली.

त्याच दुपारी जुने स्विच परत बसवले, घोंगडी बाजूला केली, त्यांचं बोट बटणावर टेकवलं. "अब्बा, एकदा दाबा. आता येतो मी, लगेच येतो." ते नुसते बघत राहिले.

पावसाळा संपून आता महिना झाला. मी अजून रोज दुपारी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो.