मांडवाची गाडी

आमची जंगल समिती श्रावणात बसली आणि तिथंच घोळ झाला. सोयगावच्या डोंगराला लागून असलेल्या आमच्या गावानं कुऱ्हाडबंदीचे नियम ठरवले. मयताला लाकूड लागतं, त्याला सूट दिली. चुलीला वाळकी काटकी चालेल म्हटलं. लग्नाच्या मांडवाचा विषय एकाच्याही तोंडून निघाला नाही, कारण श्रावणात लग्नं नसतात आणि डोक्यातही नसतात.

आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतले पुरुष वाजतगाजत बैलगाडी घेऊन जंगलात जातात आणि जांभूळ-उंबराच्या हिरव्या डहाळ्या मांडवासाठी भरून आणतात. हंगामातलं पहिलं लग्न निघालं ते माझ्याच लेकीचं, आणि समितीची अध्यक्ष मीच.

सभासदांनी आपणहून सुचवलं, एक गाडी जाऊ द्या, कोण विचारतंय. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण समितीत शेळ्यावाले चाचाही बसले होते. पावसाळ्यात कोवळी रोपं खातात म्हणून त्यांच्या शेळ्या मीच डोंगरावरून खाली आणायला लावल्या होत्या. ते माझ्याकडंच बघत होते. माझी गाडी गेली असती तर उद्या त्यांना मी कोणत्या तोंडानं अडवणार होते? मी नाही म्हणून सांगितलं. मी तशी हट्टीच आहे.

मोठ्या दिरांना हे अजिबात पटलं नाही. लेकीचा बाप हयात नाही, कन्यादान दीर-जावेनंच करायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली, बँडवाले पुढं घातले आणि निघाले. एरवी त्यांच्याशी मी पदर सावरून दाराआडून बोलते. त्या दिवशी सरळ बैलांपुढं जाऊन उभी राहिले. बँड थांबला.

"पोरीच्या मांडवावर पाला नाय, तर मी बी मांडवात नाय," ते म्हणाले.

"भाऊजी, आज आपली गाडी गेली तर उद्या मला कुणालाच अडवता येणार नाय."

त्यांनी गाडी वळवली, पण आमच्या घराकडं फिरकले नाहीत. तरी आमच्या बांधावरच्या एकुलत्या आंब्याच्या चार डहाळ्या तोडून मी मांडवावर टाकल्या आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडायच्या आत भाऊजी आले, फेटा बांधून आणि तोंड फुगवून. विरळ पाल्यातून ऊन नेमकं त्यांच्याच अंगावर येत होतं. घाम पुसत त्यांनी कन्यादान केलं आणि मग मला बोलावून घेतलं.

"माझी नात आत्ता तिसरीत हाय," ते म्हणाले. "येत्या पावसाळ्यात बांधावर जांभळी लावतो. तिच्या लग्नात मला तुझी परवानगी मागायची नाय."