दगडांनी दाबलेलं छप्पर

मे महिना कलला की बजाजनगरच्या मागच्या वस्तीतल्या बायका दगड गोळा करायला लागतात. कुरडया-पापड डब्यात गेले, आता पत्रे दाबायचे. कामावरून परतताना कुणाच्या पाटीत, कुणाच्या पिशवीत एखादा दगड असतोच. रोहिणीचं वारं सुटलं की पत्रा कसा जातो, ते इथं सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

सरूबाई आमच्या भिंतीला लागून राहते. मातीत रचलेल्या विटांची एक लांबट खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला बन्सीची बाज. बन्सी तिचा नवरा. बांधकामावरून पडला आणि कमरेखालून लुळा झाला. सरूबाई पॅकिंगच्या कामाला जाते. दुपारच्या सुट्टीत पळत येते, त्याला दोन घास भरवते, कूस बदलून देते आणि तशीच परत पळते.

मागच्या साली वाऱ्यानं छप्पर नेलं, तेव्हा तिचा दीर सांडू सोयगावहून जीप घेऊन आला. "बिनछपराच्या घरात माणूस ठिवतं का कुणी, वहिनी?" म्हणाला आणि भावाला घेऊन गेला. तिकडे बन्सीला गोठ्याच्या पडवीत टाकलं होतं. सरूबाईनं नवे पत्रे घालून त्याला परत आणलं, तेव्हा त्याच्या पाठीच्या जखमा बघवत नव्हत्या. तेव्हापासून बन्सीचं एकच मागणं, "सरू, मला सोयगावला धाडू नको." आणि सांडूनं बजावलेलं, "पुन्हा छप्पर गेलं तर मी इचारत बसणार नाय."

म्हणून यंदा तिनं दगडांचा नुसता सपाटा लावला. सगळ्यात जास्त दगड बन्सीच्या डोक्यावरच्या पत्र्यावर. तिथला लाकडी वासा वाळवीनं खाल्लेला, मधेच वाकलेला. मी बोलून दाखवलं, तर म्हणाली, "ताई, जिकडं माणूस, तिकडं वजन नको का?"

शेवटी मी आमचं लोखंडी फाटक करून देणाऱ्या वेल्डर इब्राहीमला बोलावलं. त्यानं आत येऊन वर पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"मावशी, वारा खालून घुसतो. पत्रा उचलला की हे सगळे दगड आत. लोखंडी आडवा पाइप टाकू, पत्रा त्याला हुकानं आवळू. पर पहले दगड उतारो."

"उतरवले अन् तेवढ्यात वारं आलं तर?"

"एक दिन का काम है."

"त्याच एका दिवसाचं भ्या वाटतंय, बाबा."

बाजेवरून बन्सी म्हणाला, "इब्राहीमभाई, तिनं मला बी दाबून ठिवलंय. उडून जाईन म्हणून."

"तुमी गप बसा," सरूबाई म्हणाली, पण हसली. मग घासाघीस होऊन ती चुलीकडच्या बाजूला कबूल झाली. "तिकडचं कर. उडाली तर चूल उडंल." इब्राहीमनं तेवढं छप्पर पक्कं केलं आणि उरलेल्यासाठी अक्षरशः हात जोडले. सरूबाईनं आभाळाकडे पाहिलं. "आज ढग हायेत. उद्या बघू."

त्या उद्याच्या दुपारीच दौलताबादकडून धुळीची भिंत उठली. मी गच्चीवरचे कपडे ओढत होते, तेवढ्यात सरूबाईची किंकाळी ऐकू आली. धावत गेले. वाशाला दोर टाकून ती त्याला सगळ्या अंगानिशी लोंबकळत होती. वरचा पत्रा उचलला जायचा, आपटायचा. विटांची माती भुरभुर गळत होती.

"सोड सरू, सोड!" बन्सी ओरडत होता.

"छप्पर गेलं तर त्यो नेईल! ताई, धरा, तुमी बी धरा!"

मीही दोर धरला. त्या क्षणी दुसरं काही सुचेचना. तेवढ्यात वासा कडकडला. सरूबाईनं वर पाहिलं, मग बन्सीकडे पाहिलं, आणि दोर सोडला. गोधडीची टोकं धरून आम्ही त्याला बाजेवरून खाली ओढलं, फरफटत चुलीपाशी नेलं. मागं पत्रा गेला. दगड बाजेवर कोसळले आणि बाजेचे खूर मोडून पडले.

हुकांनी आवळलेली बाजू किंचाळत राहिली, पण जागची हलली नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे चला. बन्सीनं मान फिरवली. बायकोनं आपलं अंग पुसायचं ते परक्या घरात, लोकांच्या देखत, हे त्याला मरणाहून जड वाटत होतं.

बातमी कळताच सांडू जीप घेऊन आला. तोवर चूल उघड्यावर गेली होती आणि बन्सी चुलीच्या जागी निजला होता. सरूबाई दारात आडवी उभी राहिली.

"झालं समाधान, वहिनी? सरका, दादाला उचलतो."

"छप्पर हाय."

"हे? अर्धं?"

"ते अर्ध्यातच मावतात."

"अन् तुमी कुठं झोपाल?"

"मी बसते."

सांडू तिच्या खांद्यावरून आत वाकला. "दादा, तू तरी सांग हिला. पाऊस लागल्यावर काय करणार हाय ही?"

बन्सीनं उघड्या बाजूच्या आभाळाकडे पाहिलं. हा आता 'चल' म्हणतो, असं मला वाटलं.

"सांडू," तो म्हणाला, "पाणी पी अन् जा."

जीप रिकामी गेली. ती वळणाआड झाल्यावर सरूबाई उंबऱ्यावर मटकन बसली. "ताई, पावसाळा तर अजून लागला बी नाय. कुठवर धरू मी?" मी तिच्या शेजारी बसले. इब्राहीम नाल्यातून चेंबलेले पत्रे ओढून आणत होता. त्यातले निम्मे तरी कामाचे राहिले असतील की नाही, कुणास ठाऊक.

पश्चिमेला पुन्हा धूळ उठायला लागली. सरूबाई उठून आत गेली. बन्सीच्या अंगाखालच्या गोधडीची दोन्ही टोकं तिनं मुठीत घट्ट धरली आणि वर, हुकांकडे, बघत बसली.