गाडीतलं पाणी कुठे जातं

"गाडी पाणी पिते गे, स्वल्प बघून जा," असा अप्पांचा फोन आला. आई गेल्यापासून माझे वडील बनशंकरी भागातल्या घरात एकटेच राहतात आणि आपली जुनी गाडी रोज कुठे ना कुठे घेऊन जातात. मी मुळातच भित्री. गाडी भर रस्त्यात बंद पडलीय, मागून बस येतेय आणि अप्पा उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडतायत, हे सगळं इंदिरानगरच्या माझ्या घरातून निघण्याआधीच मी डोळ्यांसमोर पाहून घेतलं.

गाडीतलं मला जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलेलं. एके काळी अख्खी गल्ली त्यांच्याकडे गाड्या दाखवायला यायची. बॉनेट उघडण्याआधी ते नुसतं वाकून हुंगायचे आणि सांगायचे, क्लच जळतोय, पेट्रोल गळतंय. आम्ही त्यांच्या नाकाची चेष्टा करायचो, पण ते नाक कधी चुकलं नाही.

मी पोचले तेव्हा इंजिन गार होतं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याच्या, बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली. गाडीखाली अप्पांनी आदल्या दिवशीच पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो कोरडा ठणठणीत. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. कुठे ओल नाही, हिरवा डाग नाही. बाहेर गळत नाही म्हणजे इंजिनाच्या आत जळत असेल, आणि तसं असेल तर गाडी संपलीच. मी अप्पांना आत बसून ती चालू करायला सांगितली आणि मागे उभी राहून धूर पाहत राहिले. इंजिन चांगलं तापलं तरी पांढरा धूर काही आला नाही.

पुढे आले तर समोरची काच आतून वाफेने धुरकटलेली, आणि अप्पा शांतपणे ती फडक्याने पुसत होते. मी डावीकडचं दार उघडलं आणि वासाचा भपकाराच आला. गोडसर, गरम, पाक करपत आल्यासारखा. पायाखालचं मॅट उचललं, तर खाली सगळं चिंब. डॅशबोर्डच्या आड हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो गळत होता. दुखणं सापडलं. मला अगदी हायसं वाटलं.

"अप्पा, एवढा वास मारतोय, आणि तुम्हाला मी लागते होय?"

"कसला वास?"

मला हसू आलं. त्यांना माझी फिरकी घ्यायची सवयच आहे. मी ओलं बोट त्यांच्या नाकापाशी नेलं.

"हां, येतोय की," ते घाईने म्हणाले. "गोड वास."

ती घाई मला खटकली. मी हात धुतला, माझ्या बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यात बोट बुडवलं आणि पुन्हा पुढे केलं. "आणि हा?"

"तोच की गे. गोड."

हात आत घालून मी किल्ली फिरवली, गाडी बंद केली. मला आता गाडी दिसत नव्हती. अप्पांचं स्वयंपाकघर दिसत होतं. रोज पहाटे उठून ते स्वतःचा चहा स्वतः करतात.

"कधीपासून?"

"तो ताप आला होता बघ, तेव्हापासून."

"आणि गॅस?"

काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ते पुसत राहिले. "दोनदा चालू राहिला. शेजारच्या अक्का वासानं धावत आल्या. मी काडी ओढणारच होतो."

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

"सांगितलं असतं तर घर सोडायला लावलं असतंस."

माझ्या ओठांवर नेमकं तेच वाक्य आलं होतं. अप्पांनी फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझे वडील मला घाबरलेत.