गाडीत शिसं वाढत होतं

अक्षर वेडंवाकडं आहे, काना-मात्रा चुकल्या असतील. माफ करा. मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायला लाजते, म्हणून लिहून ठेवते. कुणा आईच्या उपयोगी पडेल.

कोईमतूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "टाइप वन डायबिटीस." म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. आमच्या नेकनूरात साखर म्हाताऱ्यांना होते, एवढंच मला ठाऊक. माझा मुलगा राहुल तर बावीस वर्षांचा. रक्तात आम्ल साचलं होतं, त्याला किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. उशीर झाला असता तर हाती लागला नसता, म्हणाले.

राहुल मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवतो. तिथे सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकसारख्या. काही जण हौसेनं पैसे भरून पळवतात, काही राहुलसारखे पगारी. कुणाला जास्तीचा फायदा नको म्हणून माणसासकट गाडीचं वजन करतात. माणूस हलका असला तर आत शिशाच्या पाट्या बसवतात.

उन्हाळ्यात घरी आला तेव्हा सारखं पाणी प्यायचा, रात्रीतून उठउठून लघवीला जायचा. वाळला होता. विचारलं तर म्हणाला, "आई, डायवर बारीकच लागतो." मला खरं वाटलं.

पाट्या बसवणारा युसूफ आमच्याच गल्लीतला. दर शर्यतीला त्याला एक पाटी वाढवावी लागत होती. कोईमतूरच्या शर्यतीच्या दिवशी त्यानं पाना खाली ठेवला. राहुल चिडला, वर्षाची मेहनत वाया जाईल म्हणाला. युसूफनं ऐकलं नाही, धरून दवाखान्यात नेलं. मग मला फोन केला. "मावशी, गाडीत शिसं वाढायलंय अन् पोरगं कमी व्हायलंय. म्या न्हाई बसवली पाटी."

मी परळीहून रेल्वेनं गेले. आयसीयूबाहेर बाकावर बसून राहिले. आत जाऊ देत नव्हते. बिल त्याच शर्यतीत हौसेनं उतरणाऱ्या पुण्याच्या शेठनी भरलं. पैसे कधी फेडायचे, असं मी खाली बघूनच विचारलं. ते म्हणाले, "आधी त्याला वजनकाट्यावर उभा करा."

आता राहुल रोज पोटात सुई टोचून घेतो. जन्मभर घ्यायची आहे. आधी मी तोंड फिरवायचे, आता शेजारी बसून भाकरी वाढते. डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच त्याला पुन्हा गाडी मिळाली. पोरगं वाळलं, तहान वाढली, तर नुसतं बारीक झालं म्हणू नका. रक्त तपासा.

राहुलच्या पगारातून आणि माझ्या दुधाच्या पैशांतून शेठचे पैसे थोडे थोडे देत गेलो. शेवटचे द्यायला मी स्वतः शर्यतीच्या ठिकाणी गेले. राहुल काट्यावर होता. युसूफ पाट्या काढून बाजूला ठेवत होता. शेठ पैसे न मोजताच खिशात घालत होते.

"मोजा," मी म्हटलं.

त्यांनी उभ्या उभ्या मोजले. "पुरे आहेत, आक्का. फिटले."