नखं मागणाऱ्या दीदी

चेरीतालला आमच्या शेजारी राहणाऱ्या दीदी कोणाशीही बोलताना आधी त्याच्या हातांकडे बघत. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि आर्सेनिकवर संशोधन करत. पाण्यातून पोटात गेलेलं आर्सेनिक रक्तातून लवकर निघून जातं, पण नखांत साठून राहतं. म्हणून त्या सगळ्यांकडे नखं मागत. बोलणं सावकाश, सुरुवात ठरलेली, "अच्छा..."

एकदा त्या माहेराहून हापशाचा लोखंडी दांडा घेऊनच आल्या. वडिलांच्या तळव्यांवर बारीक घट्टे आले होते. त्यांची नखं आणि अंगणातल्या हापशाचं पाणी तपासलं, तर दोन्हीत आर्सेनिक निघालं. हापसा वडिलांनी हौसेनं बसवलेला. ते ऐकेनात, तेव्हा दीदींनी पान्यानं दांडाच काढला.

"काय म्हणाले बाबा?" मी विचारलं.

"अच्छा... म्हणाले, आता काहून येतेस? येऊ नको."

तरी दर रविवारी त्या नळाच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन बसनं जात, बंद दाराशी ठेवून परत येत. पुढच्या रविवारी ते तसेच भरलेले सापडत. त्या ते ओतून टाकत आणि ताजे ठेवत.

एका रविवारी संध्याकाळी त्या आमच्या पायरीवर येऊन बसल्या.

"अच्छा... आज कॅन रिकामे होते," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या.