पाहुण्याला आधी वाढलं

पैठण रोडनं चितेगावच्या कारखान्यांकडं निघालं की अलीकडंच एक फाटा आत वळतो. त्या फाट्यावरच्या गावात साळूबाई शाळेची खिचडी शिजवायची. किती वर्षं झाली, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आत्ताच्या पोरांच्या आया माझ्या हातची खाऊन उजवल्या. आता तुमीच लावा हिशेब."

नवरा लवकर गेला, लेक सिल्लोडकडं दिली. एकटीसाठी चूल पेटवायचा तिला आळस. शिळ्या भाकरीवर तिखट टाकलं की झालं घरचं जेवण. पण शाळेच्या पातेल्यापुढं बसली की बाई निराळीच. जोडीला अमिना होती. दोघींचं रोज मिरचीवरनं वाजायचं अन् रोज एकाच ताटात जेवून मिटायचं. पहिलीच्या लेकरांची खिचडी तिखट घालायच्या आधीच बाजूला निघायची. बुडाची खरवड ज्याच्या ताटलीत पडली, तो त्या दिवसाचा राजा.

एके दिवशी हेडमास्तर साहेबराव गुरुजी चुलीपाशी आले अन् उगंच चष्मा पुसत उभे राहिले.

"साळूबाई, शाळाशाळांतल्या चुली बंद करायच्या म्हणतात. एकाच मोठ्या ठिकाणी शिजवायचं अन् गाडीनं धाडायचं."

"कोण म्हणतंय?"

"समिती हाय. पोरांनी काय खावं, कसं खावं, ते ठरवती. आपले विश्वजीतशेठ हायती तिच्यात."

विश्वजीतशेठ म्हणजे रोडवरच्या मोठ्या कारखान्याचे मालक. त्यांच्या घरी रांधायला दोन माणसं अन् वाढायला तिसरं. शेठनी आजवर पाण्याचा पेला हातानं भरून घेतला असेल का, देव जाणे. पण पैसा असला की माणसाला सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. मंत्र्यासंत्र्यांचा तर जरा जास्तच.

"समिती शाळा बघायला येणार हाय," गुरुजी म्हणाले. "तुमचं काम त्यांना पसंत पडलं तर आपली चूल राहील."

एवढं ऐकल्यावर साळूबाईला झोप कुठली! अमिनाला घेऊन तिनं स्वयंपाकाची खोली सारवली, पातेली राखेनं घासून आरशासारखी केली. पोरांना बजावलं, "नाकं पुसून या रे, मुडद्यांनो. माझी इज्जत तुमच्या हातात हाय."

त्या दिवशी खिचडीत मटकी पडली, वर कोथिंबीर पडली. पोरं वेळेवर रांगेत बसली, ताटल्या मांडीवर. पाहुण्यांचा मात्र पत्ता नाय. ऊन व्हरांड्यात आलं, पोरं चुळबुळायला लागली.

अमिना हळूच म्हणाली, "भाबी, बच्च्यांना वाढून घेऊ. भुकेले हाय ना."

"पाहुणा वाटंवर अन् आपण पंगत उरकायची? अशी रीत असती व्हय? घोटभर पाणी पाज त्यांना."

शेवटी गाड्या आल्या. शेठ उतरले, मागनं त्यांच्या ट्रस्टच्या श्रेया मॅडम अन् दोघंतिघं. साळूबाईनं डोक्यावर पदर घेतला, सतरंजी टाकली अन् पाहुण्यांना आधी वाढलं. शेठनी दोनदा मागून घेतली. बोटं चाटली.

"मावशी, आजीची आठवण झाली हो."

साळूबाईचं काळीज सुपाएवढं झालं. तिकडं श्रेया मॅडम पोरांच्या रांगेचे फोटो काढत होत्या.

हात धुता धुता शेठनी विचारलं, "मुलं अशी थांबतात मावशी? एवढा वेळ?"

"थांबतात की साहेब. लई शहाणी हायती. मोठ्याच्या आधी घास घेणार नायत."

तिनं पोरांचं कौतुक सांगितलं होतं.

पुढं शहरात मोठी बैठक झाली. गुरुजींना बोलावलं होतं. तिथनं आले ते खाली मान घालून. शेठनी पडद्यावर फोटो दाखवला म्हणे. रिकाम्या ताटल्या, सुकलेली तोंडं, मागं चुलीचा धूर. शेठ बोलले, 'मोठी माणसं जेवेपर्यंत ही बालकं उपाशी बसतात. रोज. स्वयंपाकीणबाईंनी स्वतः सांगितलं.' सगळे हळहळले, काहींनी डोळे पुसले. चुली बंद करायचं ठरलं.

"तुमी का नाय बोललात, गुरुजी?"

"बोलायला मला माइक कुणी दिला, साळूबाई?"

साळूबाईनं अंथरूण धरलं नाय, पण जेवण टाकलं. माझ्याच जिभेनं माझ्या चुलीत पाणी ओतलं, म्हणायची. शेवटी अमिनाला घेऊन शहरात शेठच्या बंगल्यावर गेली. वाटलं, समजावून सांगावं, की त्या दिवशी तुमच्यासाठीच थांबवलं होतं. शेठ काही तुसडे नव्हते. चहा पाजला, बिस्किटं दिली.

"मावशी, तुमच्यावर राग नाही हो. पण मला एका शाळेचं बघून चालत नाही. सगळ्या जिल्ह्यातल्या मुलांचं भलं बघावं लागतं."

"पण साहेब, आमच्या पोरांच्या आयांना तरी एकदा इचारा."

"विचारू ना," शेठ म्हणाले अन् फोन वाजला म्हणून आत गेले. ते बाहेर आलेच नाहीत. गड्यानं कपबशा उचलल्या, तसं या दोघींना उठावं लागलं.

परतताना बोलण्याच्या नादात फाटा मागं राहिला अन् बसनं त्यांना चितेगावला नेऊन सोडलं. मागं चालत येताना शेठच्या कारखान्याच्या बाजूला पत्र्याची लांबलचक इमारत दिसली. धुराडी, गाड्या, भिंतीवर ताटल्या घेऊन जेवणाऱ्या हसऱ्या पोरांची चित्रं. अमिनानं भिंतीला बोट लावून बघितलं. रंगाची पापडी सुटत होती.

"भाबी, हा रंग आत्ताचा नाय. दोन बरसाती खाल्ल्यात यानं. तू बच्च्यांना पहले वाढलं असतं, तरी हेच होणार होतं."

साळूबाई रस्त्याच्या कडंला मटकन बसली. आपली चूक नव्हती, हे कळल्यावर माणसाला हलकं वाटावं. तिला उलटं झालं. चूक असती तर सुधारता तरी आली असती.

"मग गं अमिना, तो आपल्याकडं जेवायला कशाला आला होता?"

"भूक लगी होगी," अमिना म्हणाली.

दोघी हसल्या. हसता हसता अमिनानंच आधी पदर डोळ्याला लावला.

आता गाडी येते. दोघींना वाढायला ठेवलं होतं. अमिना चार दिवस आली अन् तिनं शिवणाचं मशीन धरलं. साळूबाई जाते. घरी बसून तरी काय करायचं? डब्यातलं मापानं आलेलं असतं, कोमट. कुणाला तिखट लागतं, कुणाच्या ताटलीत तसंच राहतं.

परवा पहिलीतली माहनूर ताटली घेऊन पुन्हा पुढं आली. "आजी, अजून."

साळूबाईनं पळी डब्याच्या बुडाला फिरवली. नुसता खणखणाट.

"संपलं बाई. तिकडनंच एवढं येतं."

"तिकडं कोण हाय? मी सांगून येते ना."

साळूबाईला घर ठाऊक होतं, फाटक ठाऊक होतं, चहाच्या कपावरची फुलंसुद्धा ठाऊक होती.

"लई लांब हाय गं," ती म्हणाली अन् पोरीच्या ताटलीत पाणी ओतून ती विसळायला लागली.